बेचाळीस गेजची तार

मे महिना. कॉटन मार्केटच्या मागच्या गल्लीत
माझ्या दुकानात कूलरच्या मोटारींचा ढीग,
जळक्या वॉर्निशचा वास,
वर टिनाचा पत्रा तडतडतोय.
अशात ती आली, प्राची गजभिये,
रुमालात काहीतरी धरून,
घरट्यातून पडलेलं पिल्लू आणावं तसं.

"काका, याची वायंडिंग होते का?
सगळे नाही म्हणतात."

गिटारचा पिकअप. आतली तार तुटलेली.
मी चष्मा पुसला, उगाच.
"काय वाजवता?" मोटारीकडे बघत विचारलं.
"शूगेझ. तुम्हाले नाही समजणार.
त्यातले शब्द ऐकू येत नाहीत.
येऊच द्यायचे नसतात."
"ते तर मेलं ना?"
ती थांबली. "कोणी सांगितलं?"

कोणी सांगितलं.
आम्हीच सांगितलं होतं एकमेकांना, शहाण्णव साली,
मोहन नगरात, एल्विनच्या गच्चीवर,
गिटार विकून आलो त्या रात्री.

त्याच्या जहाजावरच्या मामाची एक कॅसेट होती,
कॉपीची कॉपी, तिचीही कॉपी.
फीत एवढी झिजलेली
की गाणं कुठे संपतं, खरखर कुठे सुरू होते, कळेना.
आम्ही दोन्ही बसवलं.
साबणाच्या डब्यांत एल्विननं पेडल बनवले,
ते पायानं दाबायचे म्हणून आम्ही खाली बघायचो,
आणि लाजायचो म्हणूनही.

एकच कार्यक्रम झाला. कॉलेजचं गॅदरिंग.
तिसऱ्या मिनिटाला कोणीतरी मेन स्विच पाडला.
बाबा अजनी शेडमधून ड्यूटी सोडून आले होते.
घरी जाताना सायकल हातात धरून म्हणाले,
"लोकांकडे पाहून वाजवा ना बे.
मान खाली घालायले का चोरी केली?"

एल्विन भिलाईला गेला. मग फोन नंबर बदलला त्याचा.
एका पेडलचा स्विच मी कूलरच्या पंपाला लावला,
मानेवाड्यात एका घरी,
अजून चालत असेल.

रात्री दोन वाजता या शहरातले सगळे कूलर
एकाच सुरात घुमतात, म्हणून ते संगीत जिवंत आहे,
असं कोणी कवी म्हणेल.
मी नाही म्हणत. कूलर तो कूलर.
त्याचं बिल येतं.

बेचाळीस गेजची तार केसाहून बारीक.
श्वास लागला तरी तुटते.
दुकान बंद करून, पंखा बंद करून
हातानं गुंडाळत गेलो,
घाम कोपरावरून गळत,
पाच हजार दोनशे, पाच हजार तीनशे,
तेवढ्यात शटरवर थाप:
"भाऊ, आमच्या मोटारीचं काय झालं?"
आकडा गेला.

"सात-आठ हजार वेढे असतील," मी तिला म्हणालो.
"अंदाजानं."
"चालते, काका," ती म्हणाली. पैसे विचारले.
मी तीनशे सांगितले. बाकी काही सांगितलं नाही.

जुलैत तिनं बोलावलं, हिंगणा रोडला,
भाड्याचे कूलर ठेवतात त्या गोदामात.
छतापर्यंत रचलेले रिकामे पत्र्याचे डबे,
मधल्या जागेत तिघं.
ड्रमवरच्या पोराचा हात
ताजबागच्या संदलमध्ये बसलेला,
ठोका संथ, पण कमरेतून येणारा.
आमच्यात असं काही नव्हतं.

मी आमचं काही शोधत होतो त्यात. नाही सापडलं.
फक्त एकदा, सगळं एकावर एक चढत गेलं तेव्हा,
तिच्या गिटारमधून एक घरघर आली,
पाच हजार तीनशेच्या पुढची,
जिथे मी मोजणं चुकलो होतो.
ओळखीची वाटली.
वाटली असेल.

तिचा एक बूट निळा, लेस सुटलेली.
तिघांच्याही माना खाली,
कोणाच्या तरी हातून बारीकसा स्क्रू पडला असावा,
आणि सगळे फरशीवर शोधत असावेत तशा.
मीही खाली बघत उभा राहिलो.
काय हरवलं,
कोणी विचारलं नाही.