बिनानावाचा

मोजणी दारापासून सुरू करायची, असं मला शिकवलं होतं.
बाहेरची पाटी: निळा निऑन, बिअरचं नाव, एक अक्षर विझलेलं.
चालतं.
आत घड्याळ, दहा मिनिटं पुढे लावलेलं,
कारण सुपीरियर सरोवराच्या काठी हिवाळ्यात
कुणीच आपणहून घरी जायला उठत नाही.
काट्यांच्या मागे सोनेरी हरीण, हरणाखाली कंपनी.
चालतं.
आरसा. त्यात माझी टोपी, टोपीवरचा बर्फ,
आणि कपाळावरून गेलेलं कुठल्याशा व्हिस्कीचं नाव.
चालतो.
पेल्याखालच्या पुठ्ठ्याच्या चकत्या, भिजून फुगलेल्या,
एकीवर कुणी पत्त्यांचा हिशोब मांडलेला. चालतात.

नियम वाचायला जड आहे, समजायला नाही.
पुरवठादाराने दुकानदाराला काही देऊ नये.
द्यायचंच तर जाहिरात द्यावी,
नाव ठळक हवं, लांबून वाचता येईलसं.
मग ती वस्तू राहत नाही, पाटी होते.
नाव नसलं की घेणारा मिंधा होतो,
आणि मिंधेपणा शेवटी फळीवर दिसतो:
कोणती बाटली पुढे, कोणती मागे, कोणती नाहीच.
एकोणतीस वर्षं मी फळ्या वाचल्यात.
नियम मूर्ख नाही.

कांगासच्या बारमध्ये, पूल टेबलाच्या पलीकडे,
एक हीटर होता. राखाडी, गुडघ्याएवढा.
त्याच्या पुढ्यात खाणीतले दोन म्हातारे, बूट काढून.
खाण बंद झाली, त्यांचं खोकणं चालू आहे.
मी चारी बाजूंनी पाहिलं. कलता करून बूडही पाहिलं.
कुठे एखादं हरीण, एखादं अक्षर.
काही नव्हतं.

"कुणी दिला?"
"व्हर्ब्रुगने," आयली म्हणाली. लपवलं नाही.
"वाइनो गेला त्या आठवड्यात. बॉयलर त्याच्याच हाताला वळायचा.
डेल पिंपं उतरवायला आला, माझी बोटं बघितली,
दुसऱ्या दिवशी हे घेऊन आला."
"आणि त्यानंतर त्याची बिअर वाढली?"
तिने फडकं पिळलं. कोरडंच होतं.
"एक नळ वाढवला," ती म्हणाली.
"तुम्ही वाढवला नसता?"

माझ्या पेनातली शाई थिजली होती.
हीटरसमोर धरलं, जरा वेळ,
म्हाताऱ्यांच्या मोज्यांच्या वासात,
मग लिहिलं:
हीटर, एक. नाव नाही.

गुरुवारी त्याच ट्रकमधून तो परत गेला.
डेलला दंड झाला, नोकरी राहिली की नाही ठाऊक नाही.
विचारता आलं असतं.

मार्चमध्ये पुन्हा गेलो.
हीटरच्या जागी, भिंतीवर,
कंपनीने पाठवलेलं मोठं गोल थर्मामीटर.
लाल अक्षरं, रस्त्यावरूनही वाचता येतील अशी.
म्हातारे एकावर आला होता.
काटा अठ्ठेचाळीस फॅरनहाइटवर.
"हे चालतं ना?" आयलीने विचारलं.
हातमोजे घालूनच गल्ला मोजत होती.
"चालतं."

मी कोट काढला नाही.
तिने कॉफी आणली, मी पैसे आधी ठेवले, नेहमीसारखे.
कप पांढरा होता.
सवयीने फिरवून पाहिला.