लेखाशीर्ष

ग्रामसभा रात्री साडेआठला लावली.
दिवसा पारा पंचेचाळीस,
आणि कोरम निंबाखालून उठायला तयार नव्हता.
मागे पांझरेचं कोरडं पात्र,
दगडगोटे अजून दुपारचं ऊन ओकत होते.

विषय क्रमांक चार मी घातलेला: छपरांना चुना.
अंगणवाडीच्या पत्र्याखाली अकरा वाजता त्रेचाळीस,
बाहेर बाभळीखाली एकोणचाळीस,
असं वहीत लिहून नेलं होतं.
वाचावं लागलं नाही.
झेलाबाई उभी राहिली, म्हणाली,
“घरमा बसाले जागा नही,
बाहेर बसाले सावली नही.
आते तूच सांग, बाई.”

मंजूर. चुना, त्यात मूठभर मीठ,
आधी अंगणवाडी, मग ज्यांच्याकडे पंखा नाही ती घरं,
सरपंचांचं घर शेवटी
(हे सरपंचच म्हणाले, पण जरा थांबून).

विषय पाच अडला.
गायरानावर सोलर बसला तर मोटारींना दिवसा वीज,
रात्री बॅटरी घेऊन विंचवात जाणं बंद.
पोरं टाळ्या वाजवत होती.
मागून भिवा ठेलारी:
“आणि मेंढरं? ती काय काच खातील?”
कंपनीचा माणूस हसला. बाकी कोणी हसलं नाही.
तासभर बोलाचाली.
शेवटी भिवानेच हात छातीला लावून माप दिलं:
पाट्या इतक्या उंच करा, खाली गवत वाढू द्या,
सावलीत चारा जास्त दिवस टिकतो.
“लोखंड वाढेल,” कंपनीचा माणूस म्हणाला.
“वाढू द्या. मेंढरू कमी करता येत नाही.”

मग सुपडू आबा, न विचारता, फडावर आले.
बंधाऱ्याला पाणी कमी, की एक अख्खा फड पडीक ठेवायचा.
प्रत्येक फडात प्रत्येकाचा तुकडा,
म्हणून एकट्याचं पोट जात नसे,
सगळ्यांचंच थोडं थोडं जाई.
“आता बोअर ज्याची त्याची,
म्हणून कोरडही ज्याची त्याची.”
हे ठरावात कसं लिहायचं ते मला कळेना.
तसंच लिहिलं, आबांच्या शब्दांत.

रात्री बारा वाजता ऑनलाइन भरायला बसले.
पाणीपुरवठा आहे, दिवाबत्ती आहे,
रंगरंगोटी आहे, किरकोळ आहे.
उष्णता नाही.
गेल्या वर्षी चुना रंगरंगोटीत घातला,
तपासणीत विचारलं, कोणता सण होता?

यंदा कागदी प्रतीवर पट्टी ठेवून
एक ओळ स्वतः आखली,
डाव्या बाजूला लिहिलं: ऊन.
तालुक्याहून परत येईल.
आली की पुन्हा पाठवीन,
पुढच्या गावच्या ग्रामसेवकालाही सांगितलंय, तूही आख.

चुना उद्या सकाळी सहाला,
पत्र्यावर पाय टेकवतो तोवरच.
शिडी रोहिदासकडे आहे.
आत्ता झोपला असेल.
पाचला जाऊन मागावी लागेल.