खालचा अर्धा फळा

वरचा अर्धा फळा मंडळाचा.
निधन. रक्षाविसर्जन. उद्या पाणी येणार नाही.
हरवली आहे : शेळी, एक कान पांढरा.
खालचा अर्धा मोकळाच असायचा,
तो मी हिंदुरावतात्यांकडे मागितला.
"काय लिवणार?"
बघू, म्हटलं.
"राजकारण नको."
नाही.
"कविता नको."
याची हमी मी दिली नाही.

माझ्याकडे वेळ म्हणजे
कुकर उतरवल्यापासून शिरोलीच्या केएमटीपर्यंत,
तोही चपलेचा अंगठा तुटला नाही तर,
सतरा मिनिटं.
चार जातात कालचं पुसण्यात.
ओल्या फडक्यानं पुसलं की वाळेपर्यंत थांबावं लागतं,
हे शिकायला आठवडा गेला.
उरल्या वेळात एक गोष्ट बसते,
तीही अंगानं बारीक असेल तर.

पहिल्या दिवशी लिहिलं :
गंगावेशीत आज एक म्हैस पान्हवेना.
गिऱ्हाइकं तांबे धरून उभी राहिली.
कुणी घड्याळ बघितलं नाही.
ते वाचलं एका कुत्र्यानं, असं मी धरते.
तेवढंच तिथं बसलं होतं.

दिवसभर मी कास्टिंगची वजनं लिहिते.
पार्टीचं नाव, गाडी नंबर, एकूण किलो.
गेटपासच्या पाठीवर चोरून एखादी ओळ :
भट्टीवरचा दस्तगीर डबा उघडला की
आधी घासावर फुंकर मारतो,
भाकरी तर सकाळची, गार.
ती ओळ पर्समध्ये घामेजते,
दुसऱ्या दिवशी फळ्यावर जाते.
जाते म्हणजे, कधी जाते.
बऱ्याचदा बसमध्ये उभ्यानं वाचली की
तीही नुसती किलोत वाटते.

शिंत्रेबाई निवृत्त झाल्या तरी
बटव्यात खडू असतोच.
माझ्या 'आणी'चं 'आणि' करून जातात,
बोलत काही नाहीत.
दुरुस्त केलं म्हणजे वाचलं,
मला तेवढ्यावर दोन महिने काढता आले.

तात्यांचा पुतण्या म्हणाला, ताई, फ्लेक्स मारू की.
दहा बाय आठ. मधी तुमचा फोटो,
खाली सराफाची जाहिरात, वर आपली सगळी पोरं.
साऱ्या पेठेला कळंल.
मी म्हटलं, त्यावर उद्या कसं लिहायचं?
तो विचारात पडला. खरंच पडला.
दुसऱ्या दिवशी खडूंचा डबा देऊन गेला, रंगीत.
हिरवा उन्हात दिसत नाही.

मार्चमध्ये ऑडिट आलं.
नऊ दिवस मी फळ्यासमोरून मान खाली घालून गेले,
उधारी थकलेल्या दुकानासमोरून जातात तशी.
मनात म्हणायची, झेपत नसेल तर बंद करावं,
लोकांचं काय अडतंय,
वरच्या अर्ध्यात माणसं मरतच असतात.

दहाव्या दिवशी बघते तर
इस्त्रीच्या घडीसारखं ताठ अक्षर :
एका शर्टाच्या खिशात जोंधळे सापडले.
ज्याचे असतील त्यानं घेऊन जावे.
मी मोजलेत, सात आहेत.
शामराव, इस्त्रीवाले.
खाली दुसऱ्या हातानं : माझे न्हाईत.
त्याच्याखाली, टाचा वर करून लिहिल्यासारखं : चिमनीचे आसतील.
आणि त्या 'चिमनी'वर, अर्थात,
शिंत्रेबाईंचा बाणातला ण.

मला पुसवेना.
पुसायला वेळही नव्हता,
कोपऱ्यावर गाडीचा हॉर्न वाजला होता.
तळाशी बोटभर जागा उरली होती,
तिथं वाकून, हिरव्या खडूनं, लिहिलं :
शेळी सापडली का?