पार कुठी आहे

वाल्पाराइसोहून आले त्याला तीन महिने झाले,
तरी बोडीवर कुणी भेटलं की आधी तेच :
"का खाल्लीस वो तिथं?"

सांगते.
मासेमार बायांची बैठक होती,
खुर्सीटोल्याच्या सोसायटीतून मी एकटी.
नागपूर, दिल्ली, मग आणखी दोन विमानं.
खिडकीखाली पाणीच पाणी. मी झोपले,
उठले तरी तेच पाणी, संपायचं नाव नाही.

शहर टेकड्यांवर चढलेलं, पत्र्याची घरं,
जहाजाला लावून उरलेल्या रंगाने रंगवलेली, म्हणतात.
पिवळं, जांभळं, एक तर थेट
आमच्या ग्रामपंचायतीच्या टाकीसारखं निळं.
तिरप्या रुळांवर एक लाकडी खोली वर-खाली करते.
मी दोनदा उगाच बसले
आणि हिशेबात 'प्रवास' लिहिलं.

एकेकाळी जगाची जहाजं तिथं थांबायची.
मग लांब कुठे कालवा खणला, जहाजं तिकडून वळली.
एवढं सांगायला त्या पोरीला दुभाषी लागला,
मला कळायला नाही लागला.
आमच्या तलावाच्या वरच्या अंगालाही
कालवा गेलाच होता की.

हो, खाणं.
काळा, काटेरी, करवंटीएवढा एक जीव फोडला,
आत नारिंगी जिभा. लिंबू पिळून, कच्च्याच.
डोळे मिटून गिळली :
लोखंडाची चव,
पहाटे थंडीत दातांनी जाळ्याची गाठ सोडवतो ना, तशी.
मग वामेसारख्या लांब माशाचा रस्सा,
बटाटे घातलेला, तिखट नावाला नाही.
मी पिशवीतून पुडी काढली.
टेबलभर फिरून आली ती रिकामी.

पण मला आवडला तो धक्का,
जिथं क्रेन होड्यांना पाण्यातून उचलते
आणि रस्त्याकडेला मांडते.
ढिवराची होडी, हवेत लोंबकळत!
खाली मोठ्या चोचीचे पक्षी
उधारी मागायला आल्यासारखे उभे.
ग्लादिस नावाची बाई मासे कापत होती.
मी बघतच राहिले, तेव्हा तिने
सुरीची मूठ माझ्याकडे केली.
आपण विळा पायाखाली दाबतो, मासा पात्याकडे नेतो.
तिथं पातं माशाकडे येतं.
दोन बिघडले. तिसरा जमला.
तिने अंगठा दाखवला, मी माझा.
तिचा कशाने फाटला होता कोण जाणे,
माझा शिंगूरच्या काट्याने.

संध्याकाळी सूर्य पाण्यात बुडतो.
चर्र वाजेल म्हणून मी कान देऊन थांबले.
इथं तेव्हा पहाटेचे साडेचार,
दयाराम बोडीत कमरेएवढ्या पाण्यात असणार,
आणि मी उभी, चप्पल हातात,
पायाखालची वाळू कुणीतरी काढून घेतंय.

हे सगळं ऐकून कारूबुवा म्हणाले,
"खारं पाणी? मग ढोरं का पितात?"
मग बराच वेळ तंबाखू मळत राहिले.
त्यांच्या आज्याने या तलावाच्या पारीवर
डोक्यावरून माती वाहिली होती.
"एवढ्या पाण्याची पार कुठी आहे?"
पार नाही, बुवा.
"पार नाही, त थांबते कसं?"

तिथल्या लोकांनी चंद्राचं काहीतरी सांगितलं होतं.
मी ते सांगायला तोंड उघडलं,
बुवा उठून गेले होते,
सांडव्याकडची माती ढासळलीय का बघायला.

येताना एक शिंपला आणला होता, तळहाताएवढा.
काचेच्या कपाटात ठेवीन म्हटलं.
सासूबाई त्याने दुधाचं पातेलं खरवडतात,
म्हणतात, धार बरी आहे,
अजून एक आणायचा होतास.