कुर्डू, आणि कुर्डूसारखं काहीतरी

उद्यमनगरात आमच्या शॉपच्या मागं,
भिंत आणि गटार यांच्या मधल्या पट्टीत
श्रावणात पाला माजतो.
तेवीस वर्षं मी तिथं उभा राहून चहा प्यालो,
उरलेला चोथा त्याच पाल्यावर झटकला.
यंदा पहिल्यांदा वाकून बघितलं.

कारण साधं. शैलजाची सीपीआरला महिनाभर नाईट,
आणि चूल माझ्याकडं.
बटाटा, बटाटा, वांगं, बटाटा.
तिसऱ्या आठवड्यात ती डबा उघडून नुसतीच बसली.
बोलली असती तर बरं झालं असतं.

म्हणून पिशवीभर खुडलं.
टाकळा ओळखतो, लहानपणी गुरांमागं फिरताना बघितलेला.
कुर्डू ओळखतो असं मला वाटत होतं.

रविवारी कपिलतीर्थात
भागूबाई झोरे बसते पोत्यावर,
गगनबावड्याची पहिली एसटी धरून येते.
तिच्यापुढं पिशवी ओतली.
ती विकायला बसलेली,
आणि मी तिच्याकडं फुकटचा पाला तपासायला आलेला.
लाज वाटायला हवी होती. नंतर वाटली.

तिनं एकेक काडी नाकाशी नेली.
"ह्याला रॉकेलचा वास येतोय. कुठनं आणलास?"
सांगितलं.
"गटाराकडचं खातोस व्हय?"
अर्धी पिशवी बाजूला गेली.
मग एक झाड उचललं, पान उलटं केलं,
देठ मोडून बोटावर चीक बघितला.
"हे कुर्डू न्हवं."
मग काय आहे?
"काय की. बैल बी तोंड लावत न्हाई,
नाव कोण ठेवणार त्याला?"

मी आयुष्यभर सुताचा फरक हेरतो,
व्हर्नियर नसला तरी बोटाला कळतं जॉब कुठं फसलाय.
आणि इथं दोन हिरव्या पानांत
मला फरक दिसत नव्हता.
"दिसंल," ती म्हणाली. "दोन पावसाळं जाऊ देत."

पुढच्या सुट्टीला कात्यायनीच्या डोंगराकडं गेलो,
तिनं सांगितलं तसं:
फक्त शेंडा. मूळ उपटायचं नाही.
एका जागचं सगळं न्यायचं नाही.
ज्याची खात्री नाही ते पिशवीत घालायचंच नाही.

तीन पाण्यांनी धुतलं, तरी चौथ्यात माती निघाली.
लोखंडी कढईत तेल, ठेचलेला लसूण,
दोन सुक्या मिरच्या मोडून,
भिजवलेली मूगडाळ मूठभर.
पाला वर आला, झाकण बसेना,
हातानं दाबून धरलं.
आणि पाच मिनिटांत एवढा ढीग
वाटीएवढा झाला.
मीठ आधी घातलं होतं. ढिगाच्या मापानं.

सकाळी शैलजा आली, चपला न काढता खुर्चीत बसली.
भाकरीसोबत पहिला घास,
मग पाण्याचा तांब्या,
मग दुसरा घास.
"खारट आहे," म्हणाली.
आणि खात राहिली.
माझ्या नखांत ऑइल कायमचंच,
आज त्यावर हिरवा थर होता.
तिनं हात धरून बघितला, सोडला,
आणि बसल्या जागी डोळा लागला तिचा.

भागूबाईच्या विळ्याची मूठ हलत होती,
ते मी त्या पहिल्या रविवारीच बघून ठेवलं होतं.
चिंधी गुंडाळलेली, चिंधी ओली.
शॉपमध्ये जेवणाच्या सुट्टीत
पितळेचं कडं ओढलं,
अंदाजानं, मापाला विळा कुठं होता?

कपिलतीर्थात तिथंच मूठ काढली, कडं ठोकलं.
जरा सैल झालं होतं. एक पत्रा कोंबला.
भागूबाईनं हवेत दोनदा विळा मारला,
पोत्यावर ठेवला, परत उचलला.
आभारबिभार काही नाही.
फुलांची एक जुडी माझ्या पिशवीत टाकली.
"भारंगी. कडू असतीया.
उकळून दोन पाणी काढ.
आन् मीठ,
शिजल्यावर."