दुसरी चावी

सातारा रस्त्यावरच्या शोरूममध्ये
पोरगा गाडीभोवती एक चक्कर मारतो,
टाकीवरच्या पोच्यावर बोट ठेवून
चार हजार कमी करतो.
कुंभार्ली घाटातला पोचा तो. म्हैस आडवी आलेली.
म्हशीला काही झालं नाही.

नव्या मॉडेलला नकाशा दिसतो समोरच,
सीटवर म्हणे लेहपर्यंत कंबर धरत नाही.
माझी कंबर बावन्न वर्षांची,
ती लगेच हो म्हणाली.

नाना पेठेतले तांबोळीही म्हणाले होते,
"विका साहेब, पार्ट मिळेनात आता."
मग हात पुसता पुसता
इंजिनाकडे कान करून उगाच थांबले.

"काका, दुसरी चावी?"
"घरी असेल. शोधतो," म्हणालो.

खिशात होती.
घरी येईपर्यंत मांडीला टोचत राहिली.