उशिराचा रकाना

कोलंबो ते क्वालालंपूर :
अडीच हजार किलोमीटर, थोडं इकडंतिकडं.
पावणेचार तास. वारा पाठीशी असेल तर कमी.
झोपेतून उठवून विचारा, सांगेन.
कटुनायकेच्या कार्गो खिडकीत एकोणीस वर्षं
हेच सांगत बसलोय
चहाच्या पेट्यांना, जिवंत खेकड्यांना,
पिशवीतल्या शोभेच्या माशांना.

त्या पहाटे थर्मोकोलचा डबा होता, टिफिनएवढा.
वजन आठशे ग्रॅम, बहुतेक बर्फच.
आत बुबुळावरचा एक पारदर्शक पापुद्रा.

खिडकीशी पांढऱ्या साडीतली बाई.
तिच्याकडे ना पावती, ना पास.
खरं तर तिनं तिथं यायलाच नको होतं.
"थात्तांचा आहे," म्हणाली. "किती वेळ लागेल?"

पियसेन. कुरुनेगलाच्या बसस्टँडवर टाइमकीपर.
चौतीस वर्षं पत्र्याच्या टपरीत बसून
गाडी कधी आली, कधी सुटली, लिहिणारा.
स्वतः कँडीच्या पलीकडे गेला नाही.
विमानाचा आवाज आला की म्हणे
वर बघायच्या आधी मनगटावर बघायचा,
एक नोंद राहून गेल्यासारखा.

तिनं पिशवीतून वही काढली,
निळ्या पुठ्ठ्याची, आडवी. रकाने त्यानंच आखलेले :
गाडी. सुटली. पोचली. उशीर.
मी फ्लाइटचा नंबर सांगितला, तिनं लिहिला.
सुटणार साडेसात. पोचणार सव्वाअकरा.
"तिथल्या घड्याळात पावणेदोन," मी म्हटलं,
"ते अडीच तास पुढे."
पेन थांबलं.
"मग हे अडीच तास
कुठल्या रकान्यात लिहू?"

मला नाही सांगता आलं.
एवढ्या वर्षांत कुणी विचारलं नव्हतं,
खेकड्यांनी तर नाहीच.

दुसरा डोळा आदल्या रात्री जाफन्याला गेला होता, बसनं.
चारशे किलोमीटर, साडेआठ तास.
"विमानाच्या दुपटीहून जास्त," ती हिशोब करून म्हणाली,
"आणि वावुनियाला पंक्चर.
थात्तांनी लाल शाईत लिहिलं असतं.
मीही लिहिलं."

हा डोळा कुणाला बसणार, मला ठाऊक नाही. तिलाही नाही.
असेल कुणी क्लांगच्या फुटपाथवर
केळ्याची भजी तळणारी,
उकळत्या तेलाचा थेंब उडालेली.
पट्टी सुटल्यावर तिला आधी कढई दिसेल,
मग रस्ता, मग बस.
आणि बस दिसली की उगाचच
तिची नजर घड्याळाकडे जाईल.
असं काही नसतं, डॉक्टर सांगतील.
सांगू देत. मी कार्गोवाला.

विमान सुटलं सात छप्पन्नला.
मी खिडकीतूनच ओरडलो, "सव्वीस मिनिटं!"
कुंपणाच्या जाळीशी उभ्या तिनं
आकाशाकडे न बघता
लाल पेनाचं टोपण
दातांनी काढलं.